खिडकीजवळचे एकोणचाळीस इंच

हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. आजवर वाटलेलं नाही. एक गृहस्थ तर ऐकता ऐकता अर्ध्यातून उठून गेले, आणि जाताना चपलासुद्धा विसरले. तू तर वकील. लग्नाआधीच होणाऱ्या सासूची उलटतपासणी घेशील. घे, माझी हरकत नाही. फक्त शेवटपर्यंत ऐकून घे आणि मध्ये मध्ये बोलू नकोस.

तर एक घड्याळवाली होती. बाजाराच्या वळणावर तिचं दुरुस्तीचं दुकान, आठ फूट बाय सहा फूट, आणि त्यात एकशे बारा घड्याळं. दुकान वडिलांनी उभं केलेलं. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा तिने भिंग डोळ्याला लावलं. दिसायला कशी होती म्हणशील, तर ती समोर आली की लोकांची बंद पडलेली घड्याळं आपोआप सुरू व्हायची आणि दुरुस्तीचे पैसे बुडायचे. इतकी.

खोड एकच. ती एका जागी टिकायची नाही. घड्याळ उघडलेलं असेतो हात दगडासारखे स्थिर. झाकण बंद केलं की सगळं अंग चुळबुळायला लागायचं. उभी राहिली की पाय हलवायची, बसली की उठायची, उठली की कशाला उठलो ते विसरायची. बाबा तिला ‘लंबक’ म्हणायचे.

त्या वर्षी त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत पाइप फुटला. प्लंबरने पाइप जोडण्यासाठी ओटा फोडला, आणि जाताना म्हणाला, “आता नवीन करून घ्या.” जणू ओटा म्हणजे रुमाल! मग काय, शेगडी आली हॉलमध्ये, बाबांच्या पलंगाच्या पायथ्याशी. भांडी बाथरूममध्ये. बाबा म्हणायचे, “चहाला साबणाचा वास येतो, आणि साबणाला चहाचा.” रिकाम्या स्वयंपाकघरात एक नळ तेवढा उरला होता. तो दिवसभर टपटपायचा... आणि तिला ते टपटपणं घड्याळाच्या मागे पडल्यासारखं वाटायचं, म्हणून तिची आणखी तगमग.

तिच्याजवळ तीन लाख चाळीस हजार होते. आठ वर्षं पट्टे बदलून, सेल घालून साठवलेले. त्यात जे होईल ते. वर एक पैसा नाही.

किचनच्या एका शोरूमच्या मालकांचं भिंतीवरचं घड्याळ तिच्याकडे दुरुस्तीला आलं होतं. ते पोचवायला ती गेली, तर मालक जेवायला गेलेले. ती थांबली... म्हणजे थांबायचा प्रयत्न केला. समोर एक खण अर्धवट उघडा होता. तिने तो ढकलला. खण धाडकन आपटायच्या ऐवजी शेवटच्या चार बोटांवर थबकला, आणि मग हळू... अगदी लाजल्यासारखा मिटला. तिने पुन्हा उघडला. पुन्हा ढकलला. पुन्हा तसाच!

“तेवीस,” मागून आवाज आला.

ती दचकली. “काय तेवीस?”

“तेविसाव्यांदा मिटलात. पन्नास हजार वेळांची हमी आहे, तेव्हा चालू द्या. पण आम्ही सात वाजता बंद करतो.”

तो त्या शोरूमचा मापवाला. घरोघर जाऊन मापं घ्यायची, नकाशा काढायचा आणि खर्चाचं कोटेशन बनवायचं, हे त्याचं काम. कानावर पेन्सिल, आणि उंची अशी की वरच्या कपाटावरची धूळ तो फुंकर मारून काढायचा.

“आत काय आहे?” तिने विचारलं. “स्प्रिंग?”

“स्प्रिंग आणि थोडं तेल. पण लोक सहसा रंग विचारतात.”

“रंग मला दिसतोय. उघडून दाखवा.”

त्याने स्क्रू काढले. तिने पर्समधून भिंग काढून डोळ्याला लावलं. ती वाकली, तोही वाकला—आणि दोघांची डोकी टणकन आपटली. खणाला हळू मिटायला कुणीतरी शिकवलं होतं. या दोघांना कुणी शिकवलं नव्हतं.

“लागलं?” त्याने विचारलं.

“तुम्हाला?”

“मला विचारू नका, मला दिवसातून चारदा लागतं. सगळी दारं तुमच्या उंचीची असतात.” मग जरा थांबून, “तुमच्याकडे किचन करायचंय का?”

“आहे... म्हणजे नाहीये. म्हणूनच करायचंय.”

“मग उजवा हात दुमडा.”

“काय?”

“कोपरात. असा. आणि सरळ उभ्या राहा... हलू नका.”

“मला हलू नका म्हणणारे सगळे थकले.”

“मी नाही थकत,” असं म्हणून तो गुडघ्यावर बसला आणि खिशातून पितळी डबीचा एक जुना टेप काढला. त्याच्या गुरूने दिलेला. तो दुसऱ्या टेपला हात लावायचा नाही, हे लक्षात ठेव. जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंत त्याने पट्टी ताणली. कोपराला पट्टीचं थंड टोक टेकलं, आणि सांगते, ती सबंध अर्धं मिनिट हलली नाही.

“अडतीस. त्यातून पाच वजा. तुमचा ओटा तेहेतीस इंच,” तो म्हणाला. “लोक शेजाऱ्यांच्या ओट्याची उंची विचारून येतात, आणि मग आयुष्यभर खांद्यांना मलम चोळतात. ओटा त्यावर उभं राहणाऱ्या माणसाच्या कोपरावरून ठरवायचा. भिंतीला काय, ती कशीही उभी राहते.”

त्याच क्षणी तिच्या काखेतलं मालकांचं घड्याळ वाजलं. तीनचे बारा ठोके पडले. खोटं वाटतं ना? मी आधीच म्हटलं होतं.

दोन दिवसांनी तो घरी माप घ्यायला आला. पहिलं कोटेशन निघालं तीन लाख बासष्ट हजार. ती म्हणाली, “बावीस हजार कमी करा.” तो म्हणाला, “कोपऱ्यातली फिरती जाळी काढली तर अठरा वाचतात.” ती म्हणाली, “काढा.” तो गेला. आणि तासाभरात परत आला, कारण टेप विसरला होता. खिडकीच्या कट्ट्यावर राहिलेला. ठीक आहे, माणूस आहे, विसरतो.

पुढच्या खेपेला त्याने खडू आणला आणि रिकाम्या स्वयंपाकघराच्या फरशीवर सबंध किचन आखून काढलं. खऱ्या मापाचं.

“कागदावर कळत नाही,” तो म्हणाला. “चालून बघा. इथे सिंक. इथे शेगडी. इथे फ्रिज. समजा, ऑम्लेट करायचंय.”

“समजलं.”

“अंडी कुठे?”

तिने हवेतला फ्रिज उघडला, हवेतली अंडी काढली, वळली, दोन पावलं चालली, फोडली.

“टरफलं?”

“अं... हातात.”

“बघा! म्हणजे कचऱ्याचा डबा सिंकखाली नको, इथे हवा.” त्याने खडूने एक गोल काढला. “मी बटाटे सोलतो. तुमचं चालू द्या.”

आणि तो खिडकीजवळ जाऊन खरंच बटाटे सोलायला लागला, नसलेले, नसलेल्या सुरीने. खिडकीतून वारा येत होता, त्याच्या कानावरच्या पेन्सिलीपाशी केस उडत होते. ती नसलेलं ऑम्लेट परतायची विसरली.

“तुम्ही असे का वाकलात?” तिने विचारलं.

“ओटा तुमच्या मापाचा आहे. मला वाकावंच लागणार.”

“पाठ दुखेल.”

“दुखेल,” तो म्हणाला आणि हसला. मग बुटाच्या टोकाने खडूची एक रेघ उगीचच पुसत म्हणाला, “तशी वेळ यायची नाही. मालकांनी दुसऱ्या शहरात शाखा काढलीय. तुमच्या किचनवर सही झाली की मी तिकडे. बसवायला दुसरी माणसं येतील... चांगली आहेत.”

नळ टपटपला. एकदा. दोनदा.

“सही झाली की?” ती म्हणाली.

“सही झाली की.”

आता ही गोष्ट नीट समजून घे, वकीलबाई. सही केली की किचन मिळणार आणि मापवाला जाणार. सही केली नाही, तर मापवाला राहणार, पण हॉलमधली शेगडी, बाथरूममधली भांडी आणि बाबांची कुरकुर, तीही राहणार.

तिने काय केलं? तिने ट्रॉल्या बदलल्या. पाचाच्या सहा. मग सहाच्या चार. हँडल पितळी हवीत म्हणाली. नमुने आल्यावर म्हणाली, हँडलच नकोत. शटर, म्हणजे कपाटांची दारं, पांढरी, मग राखाडी, मग पुन्हा पांढरी, “पण तेव्हाची पांढरी नाही, थोडी वेगळी.” दर बदलाला नवीन कोटेशन, दर कोटेशनला त्याची एक चक्कर. तीन लाख अठ्ठेचाळीस, तीन लाख एकतीस, तीन लाख पंचावन्न... आकडा तिच्यासारखाच अस्वस्थ झाला होता. दुकानात ती मिनिटकाट्याच्या जागी तासकाटा बसवायला लागली. गावात त्या महिन्यात अर्ध्या लोकांची लग्नं वेळेआधी लागली, अर्ध्यांच्या गाड्या चुकल्या.

आणि तो मापवाला! कसला विसराळू माणूस! दर खेपेला टेप विसरून जायचा. एकदा अंड्यांच्या ट्रेखाली सापडला. एकदा बाबांच्या उशीच्या अभ्र्यात. एकदा तर पिठाच्या डब्यात, तळाशी.

काय म्हणालीस? पिठाच्या डब्यात कसा विसरेल? मला काय माहीत! उंच माणसं, त्यांचं खाली लक्ष नसतं. मध्ये बोलू नकोस म्हटलं होतं ना?

तर टेपसाठी तो परत यायचा, दाराशी उभा राहायचा, पीठ झटकायचा.

“सॉरी हं... पुन्हा राहिला.”

“तुमचं डोकं कुठे असतं?”

“तेही इथेच राहत असेल,” तो म्हणायचा, आणि दोघंही दुसरीकडे बघायचे.

आत्याच्या नजरेतून काही सुटायचं नाही. बाबांची धाकटी बहीण ती. रोज डबा घेऊन यायची, आणि डब्याबरोबर एक टोमणा. “दादा, सात आठवडे झाले. एवढ्या वेळात लोक घर बांधतात, पोरं काढतात.”

“तिला पांढरा रंग सापडत नाहीये,” बाबा म्हणाले.

“रंग सापडलाय रे तिला. तो रंग सहा फूट उंच आहे.”

“आत्या!”

“ओरडू नकोस. डबा उचल.”

शेवटी दोन गोष्टी एकदम झाल्या. मालकांनी निरोप पाठवला, की दगडाचे भाव वाढताहेत, शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत सही झाली नाही तर कोटेशन रद्द. नवीन भावाने ते तिच्या आवाक्याबाहेर जाणार होतं. आणि बाबांनी पलंगावर बसल्या बसल्या पिशवी भरायला घेतली.

“हे काय?”

“शनिवारी सही झाली तर ठीक. नाही तर मी आत्याकडे. या वयात मला शेगडीच्या धगीत झोपवत नाही.” मग जरा मऊ आवाजात, “लंबका, अगं, इकडून तिकडे किती दिवस करशील? कुठेतरी थांबायचं असतं.”

शुक्रवारी शेवटचा नकाशा आला. या वेळी तो स्वतः आला नव्हता. पाकीट दाराच्या फटीतून सरकवलेलं. म्हणजे आता पाकिटावरच भागवायचं तर! ती जमिनीवर बसली, भिंग लावलं आणि कागद वाचायला लागली. तेहेतीस इंच. तेहेतीस इंच. सिंक, शेगडी, कचऱ्याचा डबा जिथे खडूने गोल काढला होता तिथेच. आणि खिडकीजवळ... एकोणचाळीस.

तिने पुन्हा बघितलं. एकोणचाळीसच. अडीच फूट लांबीचा तुकडा, बाकीच्या ओट्यापेक्षा सहा इंच वर, पायरीसारखा. तिने कोटेशन उघडलं. एकूण तीन लाख एकोणचाळीस हजार आठशे. आणि मध्ये एक ओळ : खिडकीजवळचा ओटा — शून्य.

तिला संताप आला. सात आठवड्यांत ज्या माणसाची पाव इंचाची चूक झाली नव्हती, त्याने जाता जाता सहा इंचांची करावी? इतकी घाई झालीय त्याला जायची? ती त्या दिवशी जेवली नाही. घरभर फिरली. नळाखाली बादली ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

शनिवारी चारला ती शोरूममध्ये. मापवाला टेबलामागे, समोर रिकामा कागद, कानावर पेन्सिल नाही. पेन्सिल तो चावत होता.

तिने नकाशा त्याच्यासमोर आपटला. “हे काय आहे?”

“कुठलं?”

“एकोणचाळीस! घरात माझं माप तेहेतीस. बाबा माझ्याएवढेच. आत्या माझ्याहून बुटकी. तिथे मी काय, स्टुलावर चढून कांदा चिरू?”

“नाही.”

“मग चूक आहे ना?”

“नाही.”

“आणि हे शून्य? मला फुकट काही नको, आधीच सांगितलं होतं.”

“फुकट नाहीये. भरलेत त्याचे पैसे.”

“कुणी?”

तो उठला. टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर आला, सरळ उभा राहिला... आणि उजवा हात कोपरात दुमडला.

एवढंच. फक्त कान लाल झालेले.

तिला कळायला जरा वेळ लागला. घड्याळात बारीक चाक फिरतं, त्याने मोठं फिरतं, मग काटा हलतो... तसं.

“तुम्ही जाणार होतात,” ती हळूच म्हणाली.

“सकाळीच मालकांना सांगितलं, जात नाही म्हणून. ते रागावलेत. तीन दिवस बोलणार नाहीत. चौथ्या दिवशी घड्याळाला किल्ली कोण देणार म्हणून बोलतील.” त्याचा हात अजून दुमडलेलाच होता. “तुम्हाला नको असेल तर... तो तुकडा खाली करता येतो. शटर कापायची. एका दिवसाचं काम आहे. कुणाला कळणारही नाही, तिथे काही होतं म्हणून.”

“हलू नका,” ती म्हणाली.

“काय?”

“मोजल्याशिवाय मी सही करत नाही. टेप?”

त्याने खिसे चाचपले. एक, मग दुसरा. “नाहीये... परवा तुमच्याकडेच राहिला बहुतेक.”

तिने पर्स उघडली, पितळी डबीचा टेप काढला आणि गुडघ्यावर बसली. पट्टी ताणली, त्याच्या कोपराला टेकवली. या वेळी चुळबुळ तो करत होता. तिचे हात दगडासारखे स्थिर, सांगून ठेवते.

“चव्वेचाळीस,” ती म्हणाली. “त्यातून पाच वजा.”

“एकोणचाळीस,” तो म्हणाला.

“बरोबर आहे,” असं म्हणून तिने त्याची चावलेली पेन्सिल टेबलावरून उचलली आणि सही केली. पेन्सिलीने सही चालत नाही, हे दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. त्या क्षणी बाजाराच्या वळणावर दुकानातली एकशे बाराच्या एकशे बारा घड्याळं एकदम वाजली, आणि मापवाला रडत रडत तिच्या पाया—

“एक मिनिट, एक मिनिट,” वकीलबाई म्हणाली. “टेप तिच्या पर्समध्ये?”

हो. मग?

“तो राहिला होता तिच्या घरी. तिला सापडलेला. आणि सापडल्यावर तिने त्याला कळवलं नाही, पर्समध्ये घालून ठेवला. आणि पिठाच्या डब्याच्या तळाशी टेप कुणी विसरत नाही, आई. तिथे तो पुरावा लागतो. खोटं आहे! तो विसरायचाच नाही. तुम्ही लपवायचात!”

मी काही बोलणार, तेवढ्यात आतून आवाज आला. खिडकीजवळून, एकोणचाळीस इंचांवर बटाटे सोलणं चाललं होतं, पाठ अगदी ताठ.

“पस्तीस वर्षं हिने मला विसराळू म्हणून बदनाम केलं, पोरी. मी तरी कुठे खरं बोललो! पिठाच्या डब्यानंतर माझ्या खिशात कायम दुसरा टेप असायचा... त्या शनिवारीही होता.”